पायाखालचे आधण

मराठी घरात ‘गिझर’ म्हटले की न्हाणीघराच्या भिंतीवरची टाकी डोळ्यांसमोर येते. हा शब्द मुळात आइसलंडमधल्या एका उसळत्या झऱ्याच्या नावावरून आला. उकळते पाणी थांबून थांबून आकाशात फेकणारे असे झरे जगात मोजक्याच जागी आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक, म्हणजे पाचशेच्या वर, अमेरिकेतल्या एकट्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आहेत.

हे उद्यान मुख्यतः वायोमिंग राज्यात आहे, कडेचा थोडा भाग माँटाना आणि आयडाहोत जातो. १८७२ मध्ये ते स्थापन झाले. क्षेत्रफळ सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडे मोठेच.

बहुतेक पर्यटक आधी ‘ओल्ड फेथफुल’ म्हणजे ‘जुना विश्वासू’ हा उसळता झरा गाठतात. समोर बाके मांडलेली आहेत आणि पुढचा फवारा केव्हा उडेल याची अंदाजी वेळ लिहिलेली असते. १८७०च्या एका मोहिमेतल्या लोकांनी याच्या नेमस्तपणावरून त्याला हे नाव दिले. मात्र तो घड्याळ लावून उडत नाही. मागचा फवारा किती वेळ टिकला, यावरून पुढची वेळ काढतात. तो अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा साधारण तासाभराने, जास्त चालला तर दीड तासाने. दहा मिनिटे इकडे-तिकडे होतातच. मग पाणी तीस ते पंचावन्न मीटर उंच जाते, आणि काही मिनिटांत सगळे शांत.

यामागची युक्ती कुकरची शिट्टी ऐकलेल्या कोणालाही समजेल. काही किलोमीटर खाली तप्त शिलारस आहे. पावसाचे आणि बर्फाचे पाणी भेगांतून खोल झिरपते आणि तापते. वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालचे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. त्यातच नळीसारखी वाट कुठेतरी चिंचोळी असते. वरचे थोडे पाणी बाहेर सांडले की दाब एकदम उतरतो, खालच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती सगळा स्तंभ वर ढकलते. कोकणातली राजापूर किंवा वज्रेश्वरीची कुंडेही गरमच, पण तिथे खाली शिलारस नाही. ते पाणी खोलवरच्या खडकांच्या उष्णतेने तापते. यलोस्टोनखालचा ज्वालामुखी मात्र जिवंत आहे. त्याचा शेवटचा महास्फोट सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी झाला.

पण ओल्ड फेथफुल पाहून गाडीत बसणारा माणूस खूप काही गमावतो. ‘ग्रँड प्रिझमॅटिक’ हे शंभर मीटरहून रुंद कुंड मधोमध गडद निळे आणि काठाकडे पिवळे, केशरी, तांबूस आहे. जवळच्या फळ्यांच्या वाटेवरून वाफच जास्त दिसते. खरे रूप पाहायचे तर फेअरी फॉल्सच्या वाटेने बाजूची टेकडी चढावी. काठाचे रंग सूक्ष्मजीवांचे आहेत. मध्यभागी त्यांना सोसवेल त्याहून जास्त उष्णता असते, म्हणून तिथे स्वच्छ पाण्याची निळाईच उरते.

अशाच एका झऱ्यातून १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी एक जिवाणू मिळवला. ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हे त्याचे नाव. जवळजवळ उकळत्या पाण्यातही न बिघडणारे त्याचे विकर पुढे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्रात वापरले गेले. त्या तंत्रासाठी कॅरी मुलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कोरोनाच्या काळात नाकात काडी घालून गावोगावी झालेली आरटी-पीसीआर चाचणी याच तंत्रावर उभी होती.

या झऱ्यांभोवतीची जमीन मात्र फसवी. वर खडकासारखी दिसणारी खपली काही ठिकाणी इतकी पातळ असते, की खाली पाण्याचे आधण ठेवलेले आहे हे पाऊल रुतल्यावरच कळते. भाजून आजवर वीसहून अधिक माणसे इथे दगावली आहेत. म्हणून फळ्यांची वाट सोडायची नाही. झऱ्यांनाही माणसापासून जपावे लागते. ‘मॉर्निंग ग्लोरी’ कुंडात लोकांनी वर्षानुवर्षे नाणी आणि कचरा टाकला. पाण्याची वाट अडली, उष्णता घटली आणि निळ्या पाण्याभोवती पिवळ्या-केशरी कडा पसरल्या. तो बदल सुंदर दिसतो आणि म्हणूनच पाहताना वाईट वाटते.

प्राण्यांचेही तसेच. इथला बायसन म्हणजे आपला गवा नव्हे, तो त्याचा दूरचा नातेवाईक. हिवाळ्यात हे केसाळ धूड डोक्याने बर्फ बाजूला सारून गवत शोधते, आणि काही कळप झऱ्यांजवळच्या उबदार जमिनीवर उतरतात. १९०२ मध्ये इथे जेमतेम दोन डझन बायसन उरले होते, आज ते हजारोंनी आहेत. रस्त्यात कळप आडवा आला की गाड्या थांबतात, तासभरसुद्धा. बायसनपासून किमान २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर दूर राहावे, असा नियम आहे. २०१६ मध्ये पर्यटकांनी एक पिल्लू थंडीने काकडतेय असे समजून गाडीत घातले. पुढे कळपाने त्याला परत घेतले नाही, आणि शेवटी त्याला मारावे लागले. त्या माणसांच्या मनात दयाच होती.

लांडगे तर माणसाने इथून पुसूनच टाकले होते. १९२६ पर्यंत त्यांना ठार मारणे हेच उद्यानाचे धोरण होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले गेले. त्यांच्यामुळे एल्क हरणे घटली, नदीकाठची झाडी वाढली आणि नद्यांचीही वाट बदलली, अशी गोष्ट जगभर पसरली. संशोधक मात्र जपून बोलतात, कारण एल्क हरणे घटण्यात अस्वले, प्यूमा आणि उद्यानाबाहेरची शिकार यांचाही वाटा आहे.

लांडगा पाहायचा तर लामार खोऱ्यात उजाडण्यापूर्वी पोहोचावे. रस्त्याकडेला तिकाटण्यांवर दुर्बिणी लावून माणसे थंडीत उभी असतात. कोणी फारसे बोलत नाही. दूरच्या उतारावर एखादा करडा ठिपका हलतो, ज्याला तो सापडतो तो दुर्बिणीपासून बाजूला होतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला हाताने खुणावतो.