सर्किट बोर्ड मागवताना पैसे कुठे वाचतात

बेगम बाजारात वाढलेल्या माणसाला घाऊक हिशेब शिकवावा लागत नाही. डझन घेतले की नग स्वस्त पडतो, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण आपल्या मंडळातील इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर आम्ही गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद करणारे यंत्र करायला बसलो, तेव्हा हा हिशेब निराळाच निघाला. नमुन्याचा सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, एक हवा असला तरी कारखाने बहुधा कमीत कमी पाच देतात, आणि पाचांचे पैसे जवळपास एकाइतकेच होतात. बोर्डाचे सामान थोडक्यात येते. खरा खर्च एकदाच करावी लागणारी तयारी, कुरियर आणि चुकल्यास दुसरी खेप यांचा असतो.

दुसरी खेप आमच्या वाट्याला आली. रिलेचे माप आम्ही नेटवरच्या चित्रावरून घेतले. कोठीजवळच्या गुजराती गल्लीतून आणलेल्या रिलेच्या पिना वेगळ्या निघाल्या आणि पाचही बोर्ड वाया गेले. मुलांच्या खिशातले पैसे होते ते. आता आधी सुटे भाग विकत आणतो, मगच नकाशा काढतो. नकाशाची मूळ मापाची प्रिंट थर्माकोलवर चिकटवून प्रत्येक भाग त्यात टोचून पाहतो. खर्च एका कागदाचा. आराखडा कीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतो. त्यातली नियम-तपासणी शून्य चुका दाखवेपर्यंत फाइल पाठवायची नाही, असे ठरवले आहे.

मापाचेही असेच. दोन थरांच्या, 100 × 100 मिलिमीटरपर्यंतच्या बोर्डाला अनेक कारखाने सवलतीचा भाव लावतात. आमचा बोर्ड 104 मिलिमीटर लांब होता. दोन टर्मिनल सरकवून तो 98 वर आणला, तेवढ्यात भाव उतरला. छोटे दोन बोर्ड एकाच तुकड्यात बसवता येतात, मात्र वेगवेगळे आराखडे एकत्र घातले तर बरेच जण जादा आकार लावतात, आधी विचारावे. हे तुकडे घरी करवतीने कापताना तोंडाला मास्क हवाच, त्यात काचेचे तंतू असतात.

बाकी निवडी नेहमीच्याच ठेवाव्यात: 1.6 मिलिमीटर जाडी, हिरवा रंग, 35 मायक्रॉन तांबे, कथिलाचा साधा मुलामा. सोन्याचा मुलामा फार बारीक पिनांच्या चिपसाठी ठीक. हाताने डाग देण्याच्या कामात त्याची गरज नाही. 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांना सहसा जास्त पैसे पडतात, आणि साध्या रेझिस्टरला तर 0.8 चे भोक लागते. मग बारकाईचे पैसे कशाला?

एका ठिकाणी मात्र काटकसर नको. आमचा रिले मोटरच्या कॉन्टॅक्टरला 230 व्होल्ट देतो. बोर्ड लहान करण्याच्या नादात एका मुलाने ही बाजू सेन्सरच्या तारांजवळ आणली होती. त्या तारा टाकीच्या पाण्यात जातात! दोन्ही बाजूंत निदान 6 ते 8 मिलिमीटर मोकळी जागा ठेवलीच पाहिजे. बोर्ड 100 च्या बाहेर गेला तर जाऊ द्यावा. मुख्य विजेची जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

परदेशातून मागवताना जाहिरातीतला भाव पाहून हुरळून जाऊ नये. कुरियर, कस्टम ड्युटी आणि कर धरून बेरीज करावी. बंगळूर किंवा गुजरातच्या कारखान्याचा भाव 18 टक्के जीएसटीसह शेजारी लिहावा. घाई नसेल तर जलद सेवेचे पैसे देऊ नयेत. रायदुर्गला 2023 मध्ये सुरू झालेल्या टी-वर्क्समध्येही नमुने बनवण्याची सोय आहे, तिथे चौकशी करावी. आणि सर्किट साधे, कमी व्होल्टचे असेल तर आधी ब्रेडबोर्डवर, मग गल्लीत मिळणाऱ्या झिरो पीसीबीवर चालवून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते.

घाऊक बुद्धी शेवटी कुरियरला उपयोगी पडली. तीन घरच्या मुलांनी आपापल्या फाइली एकाच दिवशी, एकाच पत्त्यावर मागवल्या आणि पार्सलचा खर्च तिघांत वाटला. पुढच्या खेपेत कोणाला सामील व्हायचे असेल तर त्यांनी फाइल आणि थर्माकोलवर टोचून पाहिलेला नमुना, दोन्ही घेऊन मंडळात यावे.