‘सिकलसेल नाही’ असे सांगण्यापूर्वी

धानाच्या रोवणीचे दिवस होते. नागभीड परिसरातील एक तरुणी हातपाय दुखतात म्हणून तपासणीला आली. चिखलात, थंड पाण्यात उभी राहिली की दुखणे वाढायचे. घरच्यांनी ‘वात आहे’ म्हणून सोडून दिले होते. तिच्या पिशवीत वर्षभरापूर्वीच्या शिबिरातला कागद होता: ‘सोल्युबिलिटी निगेटिव्ह’. त्या कागदामुळे सिकलसेलचा विचार पुन्हा कुणी केलाच नव्हता. हिमोग्लोबिन जेमतेम सहा भरले. रक्ताचे प्रमाण वाढवून तीच चाचणी परत केली, तर नळी गढूळ झाली. इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल आला ‘एसएस’. ती वाहक नव्हे, रुग्ण होती.

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी या आजाराची तपासणी होते. तिची पहिली पायरी म्हणजे ही सोल्युबिलिटी चाचणी. स्वस्त, सोपी, पाच मिनिटांची. पण सोपी चाचणीही चुकते, आणि का चुकते ते ठरलेले आहे.

नळीतल्या द्रावणात सॅपोनिन असते, ते लाल पेशी फोडते. सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेते. प्राणवायू गेला की सिकल हिमोग्लोबिन त्या द्रावणात विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि तिच्यामागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. साध्या हिमोग्लोबिनचे द्रावण पारदर्शक राहते, रेघा स्पष्ट दिसतात.

आता चुका पाहू. पहिला संशय द्रावणावर घ्यावा. डायथायोनाइट हवा आणि ओलाव्याने लवकर खराब होते. बाटली सैल राहिली किंवा द्रावण जुने झाले, तर आजार असूनही नळी स्वच्छ दिसते. फ्रिजमधले थंड द्रावण लगेच वापरू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

दुसरा संशय रक्तावर. रुग्ण फारच पांढरा पडला असेल, तर त्याच थेंबात हिमोग्लोबिन कमी जाते आणि गढूळपणा उमटत नाही. म्हणून हिमोग्लोबिन आधी मोजावे. ते सातच्या खाली असेल, तर प्लाझ्मा काढून पेशींचे प्रमाण वाढवावे. नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णातही चाचणी फसते, कारण नळीत दात्याच्या पेशी असतात. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते. त्याला ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळे करू नये.

उलटी चूकही होते. थेंब मोठा पडला, रक्तात चरबी किंवा प्रथिने जास्त असली, तर आजार नसताना नळी गढूळ होते. अशा वेळी पेशी सलाइनने धुऊन चाचणी परत करावी.

या सगळ्यांवरचा साधा उपाय म्हणजे रोज दोन जादा नळ्या लावणे. एकीत माहीत असलेल्या वाहकाचे रक्त, दुसरीत निरोगी माणसाचे. वाहकाची नळी गढूळ झाली नाही, तर त्या दिवसाचा एकही अहवाल देऊ नये. शिबिरात रांग मोठी असते आणि नेमक्या याच दोन नळ्या वगळल्या जातात.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. गढूळ नळी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सोयरीक जुळवताना केवळ शिबिराच्या चिठ्ठीवर विसंबू नका. आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ असूनही वारंवार सांधे, हाडे दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर डॉक्टरांना तो कागद जरूर दाखवा, पण ‘पुन्हा तपासा’ म्हणायला लाजू नका.

त्या तरुणीला आता हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे. तिच्या धाकट्या भावंडांचीही तपासणी झाली आहे. या वेळी दोन जादा नळ्या लावून.