पोटदुखी, सीआरपी आणि घड्याळ

पोटात अचानक असह्य कळ उठते, रक्त तपासलं जातं, सीआरपी नॉर्मल येतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. गॅस असेल, ओवा खा, सकाळी बघू, असं ठरतं. पण रक्त कळ उठल्यावर किती तासांनी घेतलं, हे कोणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते आढळलं. शरीरात कुठेही दाह पेटला की इंटरल्यूकिन-६ हे रसायन यकृताला जागं करतं. तरीही रक्तातलं सीआरपी वाढायला साधारण सहा तास लागतात आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस. पांढऱ्या पेशी त्याआधी वाढतात. म्हणून अपेंडिक्सला नुकतीच सूज आली असताना सीआरपी नॉर्मल असू शकतं.

स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात हीच संथ चाल उपयोगी पडते. ४८ तासांनी सीआरपी लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर आजार गंभीर होण्याची शक्यता बळावते. इथे एकक जरूर पाहा. काही लॅब डेसिलिटरचा हिशेब देतात. तिथले १५ म्हणजे लिटरचे १५०.

शिवाय हा आकडा दाह कुठे आहे ते सांगत नाही. न्यूमोनियातही तो वाढतो. स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणि वृद्धांत आजार मोठा असूनही रक्तात खुणा कमी दिसू शकतात. अपेंडिक्ससाठी १९८६ पासून वापरात असलेल्या अल्वाराडो गुणांकनात दहापैकी तीनच गुण रक्ततपासणीला आहेत. उरलेले सात दुखण्याची हकीकत, ताप आणि पोटावर ठेवलेला डॉक्टरांचा हात यांतून मिळतात.

म्हणून पोट कडक झालं, हलताना कळ वाढली, उलट्या थांबेनात किंवा चक्कर आली, तर नॉर्मल रिपोर्ट हातात असला तरी लगेच सर्जन गाठा. दुखणं किती वाजता सुरू झालं, कुठून कुठे सरकलं, कोणती औषधं चालू आहेत, हे नीट सांगा. डॉक्टरांनी काही तासांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं, तर तो फुकटचा खर्च मानू नका. आजार वाढतोय की ओसरतोय, हे दुसऱ्या तपासणीतूनच कळतं.