स्वमग्नता, जनुके आणि गर्भातील मेंदूची जडणघडण

वार्षिक अहवालात ताळेबंदाबरोबरच एखाद्या विकाराची माहिती सोप्या भाषेत द्यावी, असा आमचा प्रघात आहे. यंदा आम्ही स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा विषय घेतला आहे. घाटनांदूर व परिसरातील वाड्या-तांड्यांवरून आमच्या बालरोग विभागात येणाऱ्या पालकांपैकी काहींचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, नजर देत नाही, बोलायला लागलेले असते आणि मग गप्प होते. अशा मुलाची आई औषधाबद्दल नंतर विचारते. तिचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टरसाहेब, माझ्याकडून काय चुकलं?" ग्रहण पाळले नाही म्हणून हे झाले, असे कोणी तिला सांगितलेले असते. मोबाईल पाहिला म्हणून, मूल रडत असताना दुर्लक्ष केले म्हणून, असेही घरच्यांनी ऐकवलेले असते. या प्रश्नाला विज्ञानाने बऱ्याच अंशी उत्तर दिले आहे आणि ते देणगीदारांपासून रुग्णांच्या आप्तांपर्यंत सर्वांनी जाणून घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्थान मिळवून दिले. पुढे दीर्घकाळ दोष आईच्याच माथी मारला गेला. आईची माया आटल्यामुळे मूल स्वतःत मिटून जाते, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत असत. अंधश्रद्धा केवळ खेड्यापाड्यांत असते असे समजणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच फलित बीजापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न आढळली. निरनिराळ्या बीजांपासून जन्मलेल्या १० जोड्यांत मात्र असे एकही उदाहरण नव्हते. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांची आई एक, घर एक, माया एक. फरक होता तो जनुकांच्या साम्याचा.

जनुक म्हणजे शरीरातील एखादे प्रथिन कसे व केव्हा तयार करावे याची पेशीत जपून ठेवलेली सूचना. सुमारे ३५ हजार व्यक्तींच्या जनुकांची तपासणी करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्वमग्नतेशी निगडित अशी १०२ जनुके निश्चित करण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जनुके इतर जनुकांवर देखरेख करणारी निघाली. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम स्वतः कोयता चालवीत नाही, पण कोणी कोठे आणि केव्हा कामाला लागायचे हे तोच ठरवितो. 'सीएचडी-८' हे असेच मुकादमाचे काम करणारे जनुक आहे. 'शँक-३' सारखी दुसऱ्या गटातील जनुके दोन चेतापेशींच्या संपर्कस्थानाची चौकट उभारतात.

हा मुकादम चुकला तर नेमके काय बिघडते? गर्भाच्या मेंदूच्या आतल्या भिंतीलगत मूळ पेशी वेगाने विभागत असतात. त्यांतून निर्माण झालेल्या चेतापेशी बाहेरच्या दिशेने प्रवास करून थरांनी स्थिरावतात. खोलवरचे थर आधी भरतात. नंतर आलेल्या पेशी त्यांना ओलांडून वरचे थर भरतात. या पेशी संदेश पुढे पाठविणाऱ्या, म्हणजे उत्तेजक, असतात. संदेशाला आवर घालणाऱ्या शामक पेशी निराळ्या ठिकाणी जन्म घेतात आणि लांबचा प्रवास करून त्यांच्यात येऊन मिसळतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार स्वमग्नतेशी संबंधित जनुके गर्भधारणेनंतर सुमारे १० ते २४ आठवड्यांच्या काळात, विशेषतः खोलवरच्या थरांतील उत्तेजक पेशींत, एकत्रितपणे कार्यरत असतात. पुष्कळ घरांत तोवर ओटीभरणही झालेले नसते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी या काळाचे अधिक जवळून दर्शन घडविले. मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या ऊतीचे चिमुकले गोळे वाढवून त्यांनी त्यांत तीन निरनिराळ्या जनुकांपैकी एकेक सदोष केले. 'सीएचडी-८' हे त्यांतलेच एक. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तिन्ही जनुकांचे मार्ग वेगळे असले तरी परिणाम मिळताजुळता होता. शामक पेशी आणि खोल थरातील उत्तेजक पेशी यांच्या परिपक्वतेचे वेळापत्रक एकमेकांशी जुळेनासे झाले. एकेरी लोहमार्गावर दोन दिशांच्या गाड्यांचे क्रॉसिंग कसे होते, हे घाटनांदूरकरांना समजावून सांगावयास नको. दोन्ही गाड्या धडधाकट असतात, पण त्यांतली एक वेळेआधी वा उशिरा आली की पुढच्या स्थानकांवरचे सगळे वेळापत्रक हलते. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसून आली. जनुकातील दोष तोच ठेवूनही, पेशी ज्या व्यक्तीच्या होत्या तिच्या इतर जनुकांप्रमाणे परिणामाची तीव्रता बदलत होती. म्हणूनच शेजारच्या गावातील मुलाशी आपल्या मुलाची तुलना करू नये, असे आम्ही पालकांना सांगतो.

जनुकांतील हे बदल येतात कोठून? काही बदल आई व वडील दोघांकडून अल्प प्रमाणात येतात आणि शेकडोंच्या संख्येने एकत्र आल्यावरच प्रभाव दाखवितात. काही बदल मात्र दोघांपैकी कोणातही नसतात. प्रत्येक बालक असे काही डझन नवे बदल घेऊनच जन्माला येते. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात आणि अधिक वाटा पित्याच्या बीजातून येतो. हे ऐकून आता वडिलांना दोष देऊ नये. नक्कल उतरवताना होणाऱ्या चुकीवर कोणाचाच ताबा नसतो. आपल्या भागात मामा-भाचीचे व मामेबहिणीशी विवाह अजूनही होतात, त्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. अशा दांपत्यांची बहुसंख्य मुले निरोगी असतात. तथापि एकच सदोष जनुक दोघांकडून येण्याची शक्यता नात्यातील विवाहात वाढते, आणि स्वमग्नतेचे काही दुर्मीळ प्रकार अशा कुटुंबांच्या अभ्यासातूनच उघडकीस आले आहेत.

सर्व काही जनुकांवरच ठरते असेही नाही. गर्भारपणात झालेला रुबेला, फिट्सवरील 'व्हॅल्प्रोएट' हे औषध आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांमुळे धोका वाढतो. फिट्सचे औषध मनाने बंद करू नये. मूल होऊ देण्याचा विचार असेल तेव्हाच डॉक्टरांकडून ते बदलून घ्यावे. गरोदरपणी उसाची मोळी उचलू नये हेही खरे, पण ते आईच्या प्रकृतीसाठी आणि दिवस पूर्ण भरावेत यासाठी. लसीमुळे स्वमग्नता येते असा दावा करणारा १९९८ चा ब्रिटिश लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला. उलट रुबेलाची लस स्वमग्नतेचे एक कारण टाळते.

येथे पालक विचारतात, "मग जन्माआधीच ठरलं असेल तर आता करायचं काय?" जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत चेतापेशींमधील जोडण्या झपाट्याने तयार होतात, वापरात येणाऱ्या टिकतात, इतर छाटल्या जातात. पाया गर्भात घातला गेला तरी बांधकाम चालूच असते. या दृष्टीने आम्हांस गोव्यातील अनुभव मोलाचा वाटतो. तेथील 'संगथ' संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकारी यांनी मिळून दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांवर अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी पालकांना शिकविले. मूल ज्या वस्तूत रमले आहे तिच्याविषयी बोलावे, आज्ञा कमी कराव्यात, त्याच्या इशाऱ्याची वाट पाहावी, असे ते शिक्षण होते. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. स्वमग्नता नाहीशी झाली नाही, तसा दावाही कोणी केला नाही. परंतु ग्रामीण रुग्णालयालाही झेपेल अशी ही पद्धत आहे.

याउलट मूळ पेशींची इंजेक्शने घेण्यासाठी शेत गहाण टाकण्याची भाषा आमच्या कानांवर आली आहे. मेंदूचे थर गर्भात कसे बसतात हे वर सांगितले. बाहेरून सोडलेल्या पेशी ते पुन्हा लावू शकतात, असा पुरावा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले.

आमच्याकडूनही पूर्वी एक चूक होत असे, ती येथे नोंदवितो. "मुलगा आहे, उशिरा बोलेल, वाट पाहा," असे आम्हीही सांगत असू. ऊसतोड कामगारांच्या बाबतीत ही वाट फार महाग पडते. दीड-दोन वर्षांचे मूल दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याच्या कोपीवर जाते, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा ते गावात नसते. म्हणून पालकांना विनंती आहे, की एक वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे मूल बोट करून वस्तू दाखवीत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावत असेल, तर टोळी निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आतच, त्याला दाखवून जावे. प्रथम त्याची श्रवणतपासणी केली जाईल. येताना लसीकरणाचे कार्ड आणावे आणि शक्य असल्यास वडिलांनी व आजीनेही सोबत यावे. घरी शिकवायचे ते आम्ही सर्वांनाच दाखवितो.