ब्याण्णव गोल मोठे कीं पासष्ट?

“आमच्या वेळचे साठ गुण म्हणजे तुमचे आजचे नव्वद,” हें वाक्य आमच्या बालवाचकांनीं घरीं अनेकदां ऐकलें असेल. अशा वादाचा निवाडा कसा करावा, हें बर्फावरील हॉकीच्या खेळांत फार चांगलें दिसून येतें.

कॅनडांत वाढलेला हा खेळ. प्रत्येक पक्षाचे गोलरक्षकासह सहा गडी पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर धांवतात, आणि चेंडूऐवजीं रबराची कठीण चकती काठीनें जाळ्यांत मारतात. उत्तर अमेरिकेंतील नॅशनल हॉकी लीग या स्पर्धेंत एडमंटनच्या वेन ग्रेट्स्कीनें १९८१-८२ च्या हंगामांत ८० सामन्यांत ९२ गोल केले. इतके एका हंगामांत अद्यापि दुसऱ्या कोणीही केलेले नाहींत. वॉशिंग्टनकडून खेळणारा रशियन गडी अलेक्झांडर ओवेच्किन याची सर्वांत मोठी मजल २००७-०८ मधील ६५ गोलांची. मग शंका कसली?

शंका काळाची. १९८१-८२ मध्यें एका सामन्यांत दोन्ही पक्षांचे मिळून सरासरीनें आठ गोल होत. २००७-०८ मध्यें साडेपांचांच्या सुमारास. याचें मुख्य कारण गोलरक्षक. पूर्वीं ते बहुधा उभ्यानें चकती अडवीत. पुढें गुडघे टेकून, दोन्ही पाय बाजूंस पसरून बर्फालगतची वाट बंद करण्याची रीत रूढ झाली, आणि पायांवरील पॅडही मोठे व हलके झाले. ग्रेट्स्कीच्या त्या हंगामांत शंभर फटक्यांपैकीं सुमारें ८७ अडवले जात, ओवेच्किनच्या हंगामांत सुमारें ९१. फरक अवघा चारांचा. पण जाळ्यांत जाणारे फटके तेरांचे नऊ झाले, हें ध्यानांत घ्यावें.

आतां त्रैराशिक मांडा. आठांना ९२, तर साडेपांचांना किती? उत्तर सव्वात्रेसष्ट. ओवेच्किन ८२ सामने खेळला, तेव्हां ते दोन सामने हिशेबांत धरले तर दोघे जवळजवळ बरोबरीचे ठरतात.

मला मात्र हें उत्तर पुरतें पटत नाहीं. काळ सोपा होता तर तो सर्वांनाच सोपा होता. म्हणून त्याच हंगामांत दुसरा कोण आला, तें पाहावें. (घरच्या वादांतही हाच प्रश्न विचारून पाहावा; वडील मंडळी क्षमा करोत.) १९८१-८२ मध्यें दुसरा माइक बॉसी, ६४ गोल. २००७-०८ मध्यें दुसरा इल्या कोवलचुक, ५२ गोल. ग्रेट्स्की २८ गोलांनीं पुढें, ओवेच्किन १३ गोलांनीं. एका हंगामापुरता मी ग्रेट्स्कीलाच वरचा क्रमांक देईन.

सबंध कारकीर्दीचा हिशेब निराळा आहे. ग्रेट्स्कीनें १४८७ सामन्यांत ८९४ गोल केले. कठीण काळांत खेळूनही ओवेच्किननें ६ एप्रिल २०२५ रोजीं आपला ८९५ वा गोल केला. आणि योगायोग असा कीं, तो त्याचाही १४८७ वा सामना होता. त्या दिवशीं ग्रेट्स्की स्वतः तेथें हजर होता, आणि सामना मध्येंच थांबवून झालेल्या समारंभांत त्यानें ओवेच्किनचें अभिनंदन केलें.