स्टाउरहेडचा हेन्री होर

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात, स्टाउर नदीच्या उगमापाशी, स्टाउर्टन घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जहागीर होती. 1717 मध्ये ती एका सावकाराने विकत घेतली. या सावकाराच्या बापाने, रिचर्ड होर या सोनाराने, 1672 मध्ये लंडनमध्ये पेढी सुरू केली होती आणि पेढी उत्तम चालत होती. मुलाने जुना वाडा पाडला, कोलेन कॅम्पबेल या नामांकित स्थापत्यकाराकडून इटालियन धाटणीचे घर बांधून घेतले आणि त्याचे नाव ठेवले स्टाउरहेड. घर उभे राहते न राहते तोच, 1725 मध्ये, तो वारला.

त्याचा मुलगा हेन्री तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. अठराव्या शतकातला इंग्लिश जमीनदार म्हणजे शिकार, कुळे आणि खंड असे चित्र डोळ्यांपुढे येते. हेन्रीच्या हाती मात्र जमिनीइतकीच हिशेबाची वहीही होती. फ्लीट स्ट्रीटवरची पेढी तो सांभाळत होता आणि पार्लमेंटचा सदस्यही होता. इटलीत हिंडून त्याने चित्रे आणि शिल्पे जमवली. स्टाउरहेडला तो कायमचा राहायला आला तो आई गेल्यावर, 1741 मध्ये.

घरातली सुखे मात्र टिकली नाहीत. पहिली बायको लग्नानंतर वर्षभरातच गेली. दुसरी, सुसन कोल्ट, 1743 मध्ये. पुढच्याच वर्षी त्याने घराखालच्या दरीत फ्लोरा देवीचे मंदिर बांधायला घेतले. 1750 नंतर थोड्याच काळात एकुलता एक तरुण मुलगा नेपल्समध्ये देवीच्या रोगाने दगावला, आणि साधारण त्याच सुमारास दरीच्या तोंडाशी बांध घालून पाणी अडवले गेले. ही बाग दुःखातून उगवली असे ठामपणे म्हणता येत नाही. पण या तारखा ठाऊक झाल्यावर ती नुसती हौसेची बागही वाटत नाही.

त्या बांधाने नदीच्या उगमाचे तळे झाले आणि तळ्याभोवती पायवाट आखली गेली. हेन्री फ्लिटक्रॉफ्ट या स्थापत्यकाराने काठावर रोममधल्या वास्तूच्या धर्तीवर घुमटाचे पँथिऑन उभारले, आत रिसब्राक या शिल्पकाराचा हर्क्युलिस ठेवला. पुढे टेकडीवर अपोलोचे मंदिर झाले. पायवाट वळणावळणाची असल्यामुळे एकेक देऊळ समोर येते, झाडांआड जाते आणि पुन्हा पलीकडच्या काठावर दिसते. या बागेचे खरे कौशल्य या लपाछपीत आहे. ब्रिस्टल शहराने आपला मध्ययुगीन चौकातला क्रूसस्तंभ अडचण म्हणून उतरवून टाकला होता. होरने तो 1760 च्या दशकात मिळवून बागेच्या तोंडाशी पुन्हा जोडला. शहराने टाकून दिलेली ही वस्तू वाचली, याचे श्रेय त्याला मोकळ्या मनाने द्यायला हवे. 1772 मध्ये पूर्ण झालेला, राजा आल्फ्रेडच्या नावाचा विटांचा त्रिकोणी मनोरा 160 फूट उंच आहे.

वारसाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. धाकटी मुलगी ॲन चुलतघराण्यातच दिली होती. एका मुलाला जन्म देऊन ती 1759 मध्ये गेली. हा नातू, रिचर्ड कोल्ट होर, आजोबाची आशा ठरला. 1783 मध्ये हेन्रीने त्याला जहागीर दिली, पण अट घातली: पेढी सोडायची. पेढी बुडाली तर तिच्यासोबत जमीनही जाईल, ही धास्ती त्यामागे होती. ज्या पैशावर बाग उभी राहिली, त्याच पैशापासून तिला तोडणे त्याच्यासारख्या मुरलेल्या सावकारालाच सुचावे!

1785 मध्ये हेन्री वारला, आपल्या सगळ्या मुलांच्या मागून. त्याच वर्षी नातवाची तरुण पत्नीही गेली. रिचर्ड युरोपात निघून गेला. परतल्यावर त्याने घराला ग्रंथालय जोडले, बागेत परदेशी झाडे लावली आणि विल्यम कनिंग्टनच्या सोबतीने विल्टशायरमधली प्रागैतिहासिक दफनटेकाडे उकरली. त्या उत्खननांवर त्याने लिहिलेला विल्टशायरचा प्राचीन इतिहास 1812 पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याचा मुलगाही त्याच्या आधीच वारला आणि जहागीर सावत्र भावाकडे गेली.

विसाव्या शतकात शेवटचे मालक सर हेन्री आणि त्यांची पत्नी आल्डा यांचा एकुलता एक मुलगा 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात झालेल्या जखमांनी दगावला. 1946 मध्ये त्यांनी घर आणि बाग नॅशनल ट्रस्टला दिली. पुढच्या मार्चमध्ये दोघेही एकाच दिवशी वारले. फ्लीट स्ट्रीटवरची पेढी आजही होर कुटुंबाच्याच मालकीची आहे.