फटका कां बिघडतो? : गोल्फमधील उतरता झोका

गोल्फचा खेळ पाहणाऱ्यास अत्यंत सोपा वाटतो. चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो. क्रिकेटच्या चेंडूप्रमाणें तो अंगावर येत नाहीं, वळत नाहीं कीं उसळत नाहीं. खेळणाऱ्याच्या काठीस कोणी अडवीत नाहीं. असें असूनहि नवशिक्याचा पहिला फटका बहुधा मातींत जातो, दुसरा चेंडूच्या माथ्यास घसटून जातो, आणि तिसरा, जो नीट बसला असें वाटतें, तो उजवीकडे वळून झाडींत नाहींसा होतो. ह्या तिन्ही चुका निरनिराळ्या भासल्या तरी त्यांचें मूळ पुष्कळदां एकच असतें. काठी वरून खालीं येतांना शरीराचे अवयव ज्या क्रमानें हलावयास हवेत, त्या क्रमानें ते हलत नाहींत.

नाशिककरांस हा खेळ अगदींच परका नाहीं. शहरांतील ज्या मैदानास आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव आहे, त्यास लोक अजूनहि 'गोल्फ क्लब' म्हणूनच ओळखतात. कलकत्त्यास १८२९ सालीं आणि मुंबईस १८४२ सालीं ह्या खेळाचे क्लब निघाले, ते गोऱ्या साहेबांकरितां. पुढें काळ पालटला. पुण्यास १९८७ सालीं जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीनें २०१५ सालीं अमेरिकेंतील पी. जी. ए. अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत बरोबरीचें पांचवें स्थान मिळविलें. खेळ असा सर्वांचा होऊं लागला आहे; तेव्हां त्यांतील शास्त्रहि सर्वांस कळावें हें योग्य होय.

प्रथम काळाचा हिशेब पाहावा. काठी मागें नेऊन वर चढविण्यास कसलेल्या खेळाडूस सुमारें पाऊण सेकंद लागतो, आणि तीच काठी खालीं चेंडूपर्यंत येण्यास सुमारें पाव सेकंद. काठी व चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरताच असतो. डोळ्यांनीं पाहून, मनानें ठरवून हात हलविण्यास मनुष्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. म्हणजे काठी एकदां खालीं निघाली कीं वाटेंत तिला सुधारण्यास सवडच उरत नाहीं. जें काय सुधारावयाचें, तें झोक्याच्या आरंभींच सुधारलें पाहिजे.

हा आरंभ कसा असावा, हें समजण्यास पेठेच्या डोंगराळ मुलखांत ओंडका फोडणारा मनुष्य पाहावा. कुऱ्हाड डोक्यावर नेल्यावर तो केवळ दंडाच्या बळानें ती खालीं रेटीत नाहीं. आधीं त्याचें पाऊल जमिनींत रुततें, मग कंबर व धड खालीं येतें, त्यामागून हात येतात, आणि सर्वांच्या शेवटीं कुऱ्हाडीचें पातें झपाट्यानें उतरतें. शेवटच्या क्षणीं तो हात सैल ठेवतो व काम पात्याच्या वजनास करूं देतो. पिकावरचीं पाखरें उडविणाऱ्या राखणदाराची गोफणहि ह्याच न्यायानें चालते. मोठा व जड भाग आधीं हलतो, मग तो मंदावतो, आणि त्याचा वेग पुढच्या हलक्या भागास मिळतो.

इंग्लंडमध्यें ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गोल्फच्या झोक्याची तुलना दोन बिजागऱ्यांच्या लोलकाशीं केली. एक बिजागरी खांद्यांजवळ, दुसरी मनगटांजवळ. वरची बाजू फिरूं लागली कीं खालची आपोआप उघडते. तिला घाईनें उघडलें तर वेग चेंडूपर्यंत पोंचण्याआधींच खर्च होतो. त्यापूर्वीं १९५७ सालीं बेन होगन ह्या अमेरिकन खेळाडूनेंहि उतरत्या झोक्याचा आरंभ कंबरेनें करावा असेंच सांगितलें होतें.

आतां चुकांकडे वळूं या. पुढील वर्णन उजव्या हातानें खेळणारास धरून आहे; डावखुऱ्यानें तें उलट समजावें.

सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जाणें. ह्यास स्लाइस म्हणतात. चेंडू प्रथम कोणत्या दिशेनें सुटेल, हें मुख्यतः स्पर्शाच्या क्षणीं काठीच्या तोंडाचा रोख ठरवितो. पुढें तो किती वळेल, हें तोंडाचा रोख आणि काठीची वाट यांमधील कोन ठरवितो. नवशिका वरून खालीं येतांना उजवा खांदा पुढें फेंकतो. त्यामुळें काठी बाहेरून आंत, म्हणजे डावीकडे कापीत येते. तोंड मात्र त्या वाटेच्या मानानें उजवीकडे उघडें राहतें. चेंडूस तिरकी फिरकी मिळते व तो उजवीकडे वाहात जातो. मग खेळाडू त्यावर उपाय म्हणून डावीकडे नेम धरतो. त्यानें काठी अधिकच डावीकडे कापूं लागते आणि रोग वाढतो. खरा उपाय असा कीं, झोका वर पोंचल्यावर खांद्यांस क्षणभर तसेंच राहूं द्यावें, भार डाव्या पायावर न्यावा, आणि उजवें कोपर कंबरेच्या जवळून खालीं यावें.

दुसरा दोष चेंडूच्या आधीं जमीन खणण्याचा. जमिनीवरचा चेंडू लोखंडी काठीनें मारतांना झोक्याचा सर्वांत खालचा बिंदु चेंडूच्या पुढें, सुमारें चार बोटें, पडावयास हवा. भार उजव्या पायावरच राहिला, किंवा मासे धरणारा गळ फेंकतो तशीं मनगटें आधींच उलगडलीं, तर तो बिंदु चेंडूच्या मागें सरकतो. काठी तेथेंच मातींत रुतते. तीच काठी मातीस न लागतां निभावली तर ती वर चढतां चढतां चेंडूच्या माथ्यास लागते आणि चेंडू सरपटत जातो. अशा वेळीं 'मान वर केलीस' असा ठपका हटकून येतो. परंतु मान बहुधा आपणहून उठत नाहीं. वांकलेली पाठ मध्येंच सरळ झाल्यामुळें ती उचलली जाते. मान दाबून धरल्यानें शरीराचें फिरणें मात्र अडतें.

तिसरा दोष ह्याच्या उलट आहे. कंबर फिरतां फिरतां थांबते, हात एकटेच पुढें धांवतात, काठीचें तोंड मिटतें आणि चेंडू डावीकडे जोरानें वळतो. येथें हातांस आवरण्यापेक्षां कंबरेस शेवटपर्यंत फिरूं देणें हाच उपाय.

ह्या दोषांची परीक्षा घेण्यास मोठीं यंत्रें लागत नाहींत. जमिनीवर चुन्याची एक रेघ ओढावी आणि ती दोन पावलांच्या मध्यें येईल असें उभें राहावें. चेंडू न ठेवतां काठी फिरवावी. काठीची खूण रेघेच्या पुढच्या बाजूस पडली तर भार योग्य वेळीं पुढें गेला. मागें पडली तर तो मागेंच अडकला. उखडलेल्या गवताची दिशा पाहिली तर काठीची वाटहि कळते.

मग पाय जुळवून अर्ध्या वेगानें झोके घ्यावे. अंग फेंकलें जात असेल तर तोल जाऊन तें लगेच समजतें. त्यानंतर काठी वर पोंचण्याच्या किंचित् आधीं डावें पाऊल पुढें टाकण्याचा सराव करावा. दगड फेंकतांना प्रत्येक मूल असेंच करतें. तालाकरितां मनांत मोजावें : 'एक, दोन, तीन' ह्या अंकांत काठी वर, आणि 'चार' म्हणतां खालीं. प्रथम वीस-पंचवीस झोके चेंडूवांचून, मग थोडे चेंडू ठेवून, एवढा पाठ एका दिवसास पुरे. एका वेळीं एकच दोष हातीं घ्यावा.

हा क्रम केवळ चेंडूकरितां नव्हे. पाय व कंबर स्वस्थ ठेवून केवळ पाठीच्या पिळानें मारणाऱ्यांची कंबर दुखूं लागते, आणि हौसेनें घेतलेला खेळ पुष्कळांस त्यापायीं सोडावा लागतो. ज्यांस आधींच पाठीचें दुखणें आहे, त्यांनीं वैद्यकीय सल्ला घेऊनच काठी उचलावी. इतरांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, फटका चुकला म्हणजे अंगांत बळ कमी आहे असें होत नाहीं. बळ बहुधा पुरेसें असतें. तें आधीं पायांनीं, मग कंबरेनें आणि शेवटीं हातांनीं वापरावयाचें असतें.